‘वाइड’ला ‘ली’ लावण्याआधी

‘वाइड’ म्हणजे रुंद, हे शाळेपासून पाठ असतं. मापाची वाक्यं त्यावर निभतात: ‘द रोड इज सिक्स मीटर्स वाइड’. पण तेच माप नामाच्या आधी आलं की ‘अ सिक्स-मीटर-वाइड रोड’. मीटरचा ‘एस’ जातो, मध्ये जोडरेघा येतात. तिथे चुकून ठेवलेला ‘एस’ तपासणाऱ्याला लगेच खटकतो.

खरी पाय घसरण्याची जागा म्हणजे ‘वाइडली’. क्रियाविशेषण हवं तर ‘ली’ जोडा, हा नियम इतका घोटून घेतलेला असतो की ‘ओपन द डोअर वाइडली’ लिहिताना हात अडखळतही नाही. चूक आहे ते. ‘वाइड’ स्वतःच क्रियाविशेषण म्हणूनही चालतं. दार सताड उघड: ‘ओपन द डोअर वाइड’. आ कर: ‘ओपन युअर माउथ वाइड’. टक्क जागा: ‘वाइड अवेक’. या सगळ्यांत एखादी गोष्ट जागच्या जागी पूर्ण उघडलेली आहे. ‘वाइडली’चा त्या उघडण्याशी संबंध नाही. ते सांगतं किती ठिकाणी, किती लोकांत, किती फरकानं. ‘वाइडली अव्हेलेबल’ म्हणजे सगळीकडे मिळणारं. ‘व्हेअरी वाइडली’ (vary widely) म्हणजे खूप कमीजास्त असणं. म्हणून लिहिण्याआधी मराठीत म्हणून बघा. ‘सताड’, ‘आ वासून’ किंवा ‘टक्क’ बसलं तर ‘वाइड’. ‘ठिकठिकाणी’ किंवा ‘पुष्कळांत’ बसलं तर ‘वाइडली’. ‘फार अँड वाइड’ ही जोडी मात्र अर्थ ‘सर्वदूर’ असूनही ‘ली’ घेत नाही. तिथे तर्क लढवू नका, तशीच पाठ करा.

हा गोंधळ जवळपास सगळ्यांचाच होतो आणि दहा-बारा वाक्यं मोठ्यानं म्हटली की सुटतोही.

‘ब्रॉड’ म्हणजेही रुंदच, पण त्याचं प्रकरण जास्त चिवट. समानार्थी शब्दांच्या याद्या इथे घात करतात, आणि ‘दोन्ही चालतं’ म्हणून मोकळे होणारे शिकवणारे त्याहून जास्त. ‘रेंज’ला दोन्ही चालतात, खरं आहे. पण खांदे आणि पाठ ‘ब्रॉड’. विस्फारलेले डोळे ‘वाइड’. दरी किंवा तफावत, म्हणजे ‘गॅप’, बहुतेक ‘वाइड’च. मराठीत ‘ढोबळ’ म्हणता येईल तिथे ‘ब्रॉड’: ‘ब्रॉड आउटलाइन’, ‘ब्रॉड अ‍ॅग्रीमेंट’. दिवसाढवळ्या म्हणजे ‘इन ब्रॉड डेलाइट’. तिथे ‘वाइड’ कधीच नाही. उदार विचारांचा माणूस ‘ब्रॉड-माइंडेड’. समानार्थी याद्यांपेक्षा शब्दजोड्यांचा कोश (कोलोकेशन डिक्शनरी) उघडा, त्यात नाम शोधा आणि त्याच्यासोबत कुठलं विशेषण दिलंय ते बघा. उलट दिशेनं, म्हणजे विशेषणाकडून नामाकडे गेलात, तर पुन्हा अंदाजच बांधत बसाल.

‘प्रशस्त’ रस्त्याला ‘वाइड’ चालतं, प्रशस्त घराला नाही, घर ‘स्पेशस’. ढगळ शर्ट ‘लूज’ किंवा ‘बॅगी’.

‘वर्ल्डवाइड’ आणि ‘नेशनवाइड’च्या आधी ‘इन’ लावू नका. ‘सोल्ड वर्ल्डवाइड’ एवढंच पुरे. उच्चारात ‘वाइड’चं नाम ‘विड्थ’ होतं, ‘वाइड्थ’ नाही. सुरुवातीच्या ‘व’ला ओठांचा चंबू करा. वरचे दात खालच्या ओठाला टेकले, तर ऐकणाऱ्याला तो ‘व्हॅन’मधला ‘व्ह’ वाटतो.