ऑफरच्या मेलमध्ये घरचे मेल हरवतात? एक फिल्टर लावा

दादरला लोकलमध्ये उभ्याउभ्या मेल उघडला की वर सगळं सेल, कूपन, न्यूजलेटर, आणि सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा ‘उद्या पाणी बंद’वाला मेल पार खाली, मागच्या आठवड्यात तो तसाच राहिला आणि सकाळी घरात एक बादली पाणी नव्हतं. जीमेल असेल तर फिल्टर, म्हणजे असे मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, असा लावा:

१. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही.
२. सर्चच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, ‘हॅज द वर्ड्स’मध्ये इंग्रजीत अनसबस्क्राइब टाइप करा. कंपन्यांच्या बहुतेक मेलमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात हा शब्द असतो, आपली माणसं तो कशाला लिहितील.
३. ‘क्रिएट फिल्टर’, मग ‘स्किप द इनबॉक्स’वर टिक, आणि ‘अप्लाय द लेबल’मध्ये ‘नंतर बघू’ असं नवीन लेबल.

‘डिलीट इट’ला मात्र अजिबात हात लावू नका. बिलाच्या, बँकेच्या मेलमध्येही तो शब्द असू शकतो, आणि ताईने एखादी ऑफर फॉरवर्ड केली तर तिचाही मेल तिकडेच जाणार, म्हणून पहिले काही दिवस ते लेबल रोज एकदा उघडून बघाच.