टाकी ओसंडण्यापूर्वी: इंधन डेपोतील सुरक्षा यंत्रणेच्या हार्डवेअरची विश्वासार्हता कशी तपासावी

११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत टाकी क्रमांक ९१२ मध्ये पेट्रोल भरले जात असताना पातळीमापक अडकला आणि टाकी भरत राहिली तरी पडद्यावरचा आकडा हलेना. शेवटचा आधार म्हणून बसवलेला स्वतंत्र उच्च-पातळी स्विचही चालला नाही, कारण त्याची चाचणीची कळ योग्य जागी धरून ठेवणारे कुलूप लावलेलेच नव्हते. पेट्रोल ओसंडले, बाष्पाचा ढग पसरला आणि स्फोटात ४३ जण जखमी झाले. विश्वासार्हतेचे गणित करताना ही घटना समोर ठेवावी, कारण येथे स्विचच्या आतल्या भागांचा दर्जा कितीही चांगला असता तरी तो उपयोगी पडला नसता.

प्रथम तपासायचे सुरक्षा कार्य एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ, ‘पातळी ठरावीक उंचीवर पोहोचताच आवक व्हॉल्व्ह बंद व्हावा’. त्यानंतर या कार्यात सहभागी असलेली प्रत्येक वस्तू साखळीत मांडावी: स्विच, लॉजिक सॉल्व्हर (संकेत वाचून बंद करण्याचा निर्णय घेणारे उपकरण), सोलेनॉइड (विजेवर चालणारी, हवा सोडणारी छोटी झडप), ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) आणि व्हॉल्व्ह. रोजच्या कामकाजाचा पातळीमापक या साखळीत धरू नये, कारण बहुधा तोच बिघडल्यामुळे संरक्षणाची गरज निर्माण होते.

दुसरे काम बिघाडदर, म्हणजे ताशी बिघाडाचे प्रमाण, मिळवण्याचे आहे. आयईसी ६१५११ या प्रक्रिया उद्योगातील सुरक्षा यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दृष्टीने येथे कळीचा ठरतो तो धोकादायक आणि आपोआप लक्षात न येणारा बिघाड, म्हणजे जो गरजेच्या क्षणापर्यंत किंवा चाचणीपर्यंत लपून राहतो. उत्पादकाच्या प्रमाणपत्रातील आकडा पुष्कळदा फक्त उपकरणापुरता असतो; त्यात चिकट गाळ, गंजलेली जोडणी किंवा शिवडीसारख्या खाडीकाठची खारट, दमट हवा धरलेली असेलच असे नाही. म्हणून आपल्या देखभाल नोंदींशी तो ताडून पाहावा. बन्सफील्डचा मापक ऑगस्टअखेरपासून १४ वेळा अडकला होता. अशी नोंद हाताशी असताना केवळ कॅटलॉगवर विसंबणे मला समर्थनीय वाटत नाही.

आता आकडेमोड. एकेरी मांडणीत, म्हणजे प्रत्येक कामासाठी एकच उपकरण असताना, गरजेच्या वेळी काम न होण्याची सरासरी संभाव्यता म्हणजे ढोबळमानाने बिघाडदर गुणिले चाचणीचे अंतर भागिले दोन. केवळ उदाहरणादाखल स्विचचा दर ताशी ०.००००००३, लॉजिक सॉल्व्हरचा ०.०००००००५ आणि सोलेनॉइड व ॲक्च्युएटरसह व्हॉल्व्हचा ०.०००००२ धरू. वर्षातून एकदा, म्हणजे ८७६० तासांनी चाचणी घेतल्यास अनुक्रमे ०.००१३, ०.०००२ आणि ०.००८८ मिळतात. बेरीज ०.०१०३ होते, म्हणजे सिल (सुरक्षा कार्याच्या विश्वासार्हतेची पातळी; क्रमांक जितका मोठा तितकी ती कडक) २ साठीची ०.०१ ची मर्यादा किंचित ओलांडली जाते आणि यंत्रणा सिल १ मध्ये राहते. बेरजेचा सुमारे ८५ टक्के भाग व्हॉल्व्हकडून आला आहे, तरीही खर्चाची चर्चा मात्र बहुधा महागड्या स्विचभोवतीच फिरते.

चाचणी सहा महिन्यांवर आणली की आकडा निम्मा होऊन सिल २ गाठल्यासारखे वाटते. मात्र हे गणित चाचणीत प्रत्येक लपलेला बिघाड सापडतो असे मानते. व्हॉल्व्ह हलला एवढेच पाहिले आणि तो पूर्ण दाबाखाली घट्ट बंद होतो का, हे तपासलेच नाही, तर काही बिघाड पुढच्या संपूर्ण दुरुस्तीपर्यंत राहून जातात. चाचणीची व्याप्ती ७० टक्के आणि संपूर्ण दुरुस्ती १० वर्षांनी धरल्यास एकट्या व्हॉल्व्हचा आकडा वार्षिक चाचणीत ०.०३२ आणि सहामाही चाचणीत ०.०२९ येतो. चाचण्या दुप्पट करूनही फारसे हाती लागत नाही. चाचणीची पद्धत सुधारणे येथे अधिक मोलाचे ठरते.

दुसरा व्हॉल्व्ह जोडावा, असे सुचवले जाईल. चाचणी परिपूर्ण असेल आणि बिघाड पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर दोनपैकी एक व्हॉल्व्ह पुरेसा असलेल्या मांडणीची संभाव्यता सुमारे ०.०००१ येते. पण दोन्ही एकाच बनावटीचे, एकाच हवापुरवठ्यावर चालणारे आणि एकाच हाताने एकाच दिवशी तपासलेले असतील, तर सामाईक कारणाने दोन्ही निकामी होण्याचा वाटा १० टक्के धरावा. तसे केल्यास आकडा सुमारे ०.००१ होतो. त्यातला बहुतांश भाग सामाईक कारणाचा असतो, दुसऱ्या व्हॉल्व्हच्या बिघाडदराचा नव्हे.

आकडा सिल २ मध्ये बसला तरी हार्डवेअरची बिघाड-सहनशीलता, म्हणजे किती उपकरणे बिघडली तरी कार्य पार पडते ते, वेगळी तपासावी: आयईसी ६१५११ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार क्वचित मागणीच्या सिल २ कार्याला साधारणपणे एकेरी मांडणी चालते, सिल ३ ला किमान एका बिघाडाची सहनशीलता लागते.

शेवटी चाचणीच्या कागदपत्रात ‘उपकरण पूर्ववत केले’ याची स्वतंत्र नोंद आणि दुसऱ्या व्यक्तीची सही असावी. बायपास, म्हणजे संरक्षण तात्पुरते बाजूला ठेवणे, किती तास चालू होता हेही लिहावे, कारण तेवढा काळ संरक्षण शून्य असते आणि तो संभाव्यतेत मिळवावा लागतो. चाचणीत सापडलेले बिघाड गृहीत दरापेक्षा जास्त निघाल्यास नव्या दराने हिशेब पुन्हा मांडावा आणि तोपर्यंत चाचणीचे अंतर वाढवण्याची कोणतीही विनंती मान्य करू नये.