रात्रीचं पिठलं-भाकरी: चौघांचं जेवण पाऊण तासात

घरात भाजी नसली तरी डब्यात ज्वारीचं पीठ आणि डाळीचं पीठ असलं की रात्रीचं जेवण होतं. चौघांसाठी सहा भाकऱ्या, कढईभर पिठलं, ठेचा आणि कांदा एवढं पुरतं. पिठलं कुणालाही दुसऱ्या खेपेला जमतं, भाकरीला मात्र हात बसावा लागतो. पण भाकरी बिघडते त्यात हातापेक्षा पिठाचा आणि पाण्याचा दोष जास्त असतो, हे आधी लक्षात घ्यावं.

पिठलं आधी करायचं. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे आणि पिठलं वीस मिनिटं झाकून राहिलं तरी चालतं. मात्र तेवढ्या वेळात ते घट्ट होत जातं, म्हणून उतरवताना हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवावं.

पिठलं

डाळीचं पीठ १०० ग्रॅम, म्हणजे १५० मिलीच्या वाटीने साधारण दीड वाटी. पाणी चार वाट्या. एक मोठा कांदा बारीक चिरून, लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून, चार-पाच हिरव्या मिरच्या, कढीलिंबाची आठ-दहा पानं, तेल तीन मोठे चमचे, मोहरी आणि जिरं अर्धा-अर्धा लहान चमचा, चिमूटभर हिंग, अर्धा लहान चमचा हळद, सव्वा लहान चमचा मीठ, मूठभर कोथिंबीर. तेलात हात आखडू नये. कमी तेलाचं पिठलं तळाला धरतं आणि घशाला चिकटतं.

तेल चांगलं तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, मग लसूण. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की मिरची आणि कढीलिंब, त्यावर कांदा. कांदा मऊ होऊन कडेने सोनेरी दिसेपर्यंत परतावा, पाच-सहा मिनिटं लागतात. हळद शेवटी, नाहीतर ती करपून कडू लागते.

इथून दोन रीती आहेत. पहिली सोपी: पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, उरलेल्या दोन वाट्या पाणी मिठासकट फोडणीत उकळायचं आणि कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून, दुसऱ्या हाताने ढवळत ओतायचं. कालवायला पाणी गारच लागतं. गरम पाण्यात पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजून बंद होतं, आत पीठ कोरडं राहतं आणि ती गुठळी मग कितीही ढवळली तरी फुटत नाही.

दुसरी रीत पीठ वैरण्याची. चारही वाट्या पाण्याचं आधण फोडणीतच ठेवायचं, ते खळखळलं की आच मंद करून पीठ चिमटीचिमटीने पेरत जायचं आणि दुसऱ्या हाताने घोटत राहायचं. थोड्या गुठळ्या होतातच आणि बऱ्याच घरांत त्या मुद्दाम ठेवतात. गाठीचं पिठलं ते हेच. चवीला ही रीत सरस आहे, पण त्यात पीठ एकदम ओतलं तर सगळं हातचं जातं.

पीठ घातल्यावर दोन मिनिटं सतत ढवळावं, मग अगदी मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं वाफ द्यावी. मध्ये दोनदा हलवलं की पुरे. पीठ शिजलं हे तीन खुणांनी कळतं: कच्चट वास गेलेला असतो, रंग गडद पिवळा होतो आणि कडेला तेलाचे थेंब दिसू लागतात. घाईने चार मिनिटांत उतरवलेलं पिठलं दिसायला नीट असतं, पण जिभेवर पिठूळ लागतं आणि रात्री पोटात जड होतं. गिरणीतून दळून आणलेलं पीठ विकतच्या बेसनापेक्षा जरा रवाळ असतं. त्याला दोन मिनिटं जास्त द्यावीत. पिठलं फार घट्ट झालं तर उकळतं पाणीच घालावं, गार पाण्याने चव फुटते. कढई लोखंडी असेल तर तळाला खरपुडी धरते. ती खरवडून घेण्यावरून ताटावर भांडण झालं तर ते रास्तच आहे.

कोकणात हेच पिठलं कुळथाच्या पिठाचं करतात, पातळसर आणि आंबटपणाला कोकम घालून. त्याच्याबरोबर भात हवा.

भाकरी

आधी पीठ. रब्बीची ज्वारी म्हणजे शाळू, त्यातही मालदांडी हे वाण, भाकरीला उत्तम. खरिपाच्या हायब्रीड ज्वारीची भाकरी काळपट आणि चवीला पुळचट होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण कोणत्याही ज्वारीचं पीठ ताजं नसेल तर नाव कामाला येत नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पीठ धरून ठेवते ती त्याची विरी, आणि दळल्यावर दिवसागणिक ती कमी होत जाते. दळण पंधरा दिवसांना पुरेल एवढंच आणावं. बाजरीचं तर आठवड्याचंच, कारण त्यातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं.

पिठाची विरी पाहायची असेल तर चमचाभर पीठ गरम पाण्यात मळून गोळी बोटांनी दाबावी. कडा गुळगुळीत राहिल्या तर पीठ चांगलं, चिरल्या तर उकड काढावी लागणार.

एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ आणि ७५ ते ८० मिली गरम पाणी. पाणी उकळून मिनिटभर थांबावं, मग पिठात घालून आधी चमच्याने कालवावं आणि हाताला सोसेल तसं मळायला घ्यावं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. गार पाण्यात मळलेली भाकरी थापतानाच फाटते. मळायचं ते तळव्याच्या टाचेने, परातीवर पीठ पुढे रगडून परत गोळा करत, किमान दोन-तीन मिनिटं. गोळा लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नये, एकेका भाकरीपुरतंच मळावं. पहिली तव्यावर असताना दुसरीचं मळणं होतं.

परातीत कोरडं पीठ पसरून गोळा त्यावर ठेवावा, बोटांनी कडेकडेने दाबत, फिरवत थापावं. भाकरी फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. मध्य पातळ आणि कड जाड ही नवख्याची हमखास चूक, म्हणून जोर कडेवर द्यावा. सात-आठ इंच व्यास झाला की पुरे.

तवा कडक तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र होऊन लगेच उडाला पाहिजे. भाकरी तळहातावर घेऊन पिठाची बाजू वर येईल अशी टाकावी आणि लगेच पाण्याचा हात सगळीकडे, कडांपर्यंत फिरवावा. मग डोळा काढायचा नाही. वरचं पाणी आटत येतं, पण पृष्ठभाग अजून ओलसर असतो, त्याच क्षणी उलटायची. त्याला अर्धं ते पाऊण मिनिट लागतं. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात आणि त्या भेगांतून वाफ निसटल्यावर भाकरी फुगत नाही. पाणी लावलेली बाजू मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं, तांबूस ठिपके येईपर्यंत भाजावी. शेवटी तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरायची. नीट थापलेली असेल तर टम्म फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो. चुलीवर हेच काम निखाऱ्याशी उभी करून होतं. इंडक्शन किंवा विजेची शेगडी असेल तर तव्यावरच उलटून फडक्याने कडा हलक्या दाबाव्यात.

एकाच जागी फुगून बाकी सपाट राहिली तर थापताना जाडी सारखी नव्हती. फुगली पण आत गोळा लागला तर आच जास्त होती. वर पांढरे पट्टे राहिले तर पाण्याचा हात तिथे पोचलाच नाही.

पीठ जुनं असेल, आणि परदेशातल्या भारतीय दुकानांतलं पाकिटाचं पीठ बहुधा तसंच असतं, तर उकड काढावी. जेवढं पीठ तेवढंच मापाने पाणी उकळायचं, त्यात पीठ घालून ढवळायचं, आच बंद करून पाच मिनिटं झाकायचं आणि गरम असतानाच मळायचं. उकडीची भाकरी लाटण्यानेसुद्धा लाटता येते. चव किंचित वेगळी लागते, पण मोडत नाही. पाकीट उघडल्यावर फ्रीझरमध्ये ठेवलं तर विरी जरा जास्त दिवस टिकते.

ठेचा

भाकऱ्या संपल्या की तवा तापलेलाच असतो. त्यावर चमचाभर तेल, देठं काढून मधून मोडलेल्या दहा-बारा मिरच्या (अख्ख्या टाकल्या तर फुटून अंगावर उडतात), आठ पाकळ्या लसूण, दोन चमचे शेंगदाणे आणि थोडं जिरं. मिरच्यांवर पांढरट-काळे डाग आले की जाडं मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडावं किंवा खलबत्त्यात कुटावं. मिक्सर नको. त्यात मिरचीचं पाणी सुटून चटणी होते, ठेचा राहत नाही. कांदा चिरू नये, बुक्कीने फोडावा.

एखादी भाकरी उरली तर फडक्यात गुंडाळून ठेवावी, फ्रिजमध्ये नको, तिथे ती लाकडासारखी कडक होते. सकाळी ती कुस्करून मोहरी-मिरचीच्या फोडणीत परतावी आणि वरून ताक घालावं. ताक मात्र आच बंद केल्यावरच, नाहीतर फुटतं.