वेल्स पाहायचं तर दुपारचं ऊन गाठा

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स या चिमुकल्या कॅथीड्रल-शहरात (वेल्स देशात नव्हे) रेल्वे स्टेशन नाही. बाथ किंवा ब्रिस्टलहून बस धरा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. कॅथीड्रलचा मूर्तींनी भरलेला दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी तो सावलीत राहतो आणि फोटो काळपट येतात. ऊन कललं की कोनाड्यांतल्या मूर्तींच्या वस्त्रांची चुणी न् चुणी दिसते.

आत शिरल्यावर मध्यभागी कात्रीसारख्या कमानी दिसतील. वाढवलेल्या मनोऱ्याच्या वजनानं पाया खचू लागला, म्हणून 1338 ते 1348 दरम्यान दिलेला हा टेकू. जुन्या घड्याळासमोर मात्र दोन मिनिटं आधी उभे राहा. दर पाव तासाला घड्याळावरचे घोडेस्वार फिरतात आणि दर फेरीत एक स्वार आडवा होतो.

व्हिकर्स क्लोज ही गल्ली खालच्या तोंडाकडून बघा. वर ती अरुंद होत जाते, त्यामुळे आहे त्याहून लांब भासते. वरून पाहिलं तर उलट आखूड. कॅथीड्रलमधल्या संध्याकाळच्या सामूहिक गायन-प्रार्थनेला तिकीट नसतं. ती अजिबात चुकवू नका, पण शाळेच्या सुट्टीत तिथला गायकवृंद नसतो, तेव्हा तारीख तपासून जा.