दुकानात बारकोड बसवायचाय? आधी यादी करा, स्कॅनर नंतर

शनिवार पेठेत मामाचं छोटं दुकान आहे, पूजेचं सामान, भाजणी, मेतकूट, साबण-टूथपेस्ट असं सगळं मिळून चारपाचशे आयटम असतील, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच्या डोक्यात आलं की आता बिलं बारकोडवरच करायची. मग काय, तापकीर गल्लीतून स्कॅनर आणला, कॉम्प्युटरला जोडला, साबण समोर धरला, टुंग वाजलं आणि स्क्रीनवर आला नुसता तेरा आकडी नंबर. मामा म्हणे, "अरे, भाव कुठाय?"

तर सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा. छापील पाकिटावरच्या रेघांत भाव नसतो, नाव नसतं, एक्स्पायरी पण नसते, असतो फक्त नंबर. बाकी सगळं तुमच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत. स्कॅनर म्हणजे भराभर टाइप करणारा कीबोर्डच, नोटपॅड उघडून स्कॅन करून बघा, नंबर उमटेल आणि बहुतेक वेळा एंटरही आपोआप दाबला जाईल.

यादी करायला एक्सेल चालतं पण नंबरचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करून घ्या, हे मी बोंब मारून सांगतोय कारण मी ते केलं नव्हतं. एक्सेलने नंबर ८.९०१२३ई+१२ असा आखडून दाखवला, मी तसाच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केला, आणि परत उघडल्यावर शेवटचे आकडे शून्य झालेले, म्हणजे एकाच कंपनीचे साबण, शाम्पू, पावडर सगळ्यांचा नंबर एकच. दोन रात्री गेल्या. आणि एमआरपी वाढली तरी नंबर बऱ्याचदा तोच राहतो, जुना आणि नवा माल एकाच फळीवर असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर घेताना एका बारकोडला दोन एमआरपी चालतात का हे आधी विचारा.

नंबर ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला असा एक फॉरवर्ड दर वर्षी फिरतो, तो चूक आहे. कंपनीने नंबर जीएस१ इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून, घेतलाय एवढाच त्याचा अर्थ, माल कुठेही बनलेला असू शकतो.

शेवटचा आकडा म्हणजे तपासणीस. समजा पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक घेतले तर ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. बेरीज १३०, पुढच्या दहाच्या पटीला जायला काहीच नको, म्हणून तेरावा आकडा ०. टाइप करताना ४५ चं ५४ झालं तर बेरीज १२८ होते आणि चूक पकडली जाते. पण शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर ५ चा फरक असेल, म्हणजे १६ चं ६१, तर हा तपासणीस पण झोपतो!

आता घरची भाजणी, मेतकूट, सुटा कापूर. फक्त आपल्याच दुकानात विकायचं असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे नंबर त्यासाठीच मोकळे ठेवलेत, त्यातले बिनधास्त वापरा. मॉलमध्ये भाजीच्या वजनकाट्यातून निघतं ते लेबल बहुतेक ह्याच जातीचं, त्यात मात्र वजन किंवा किंमत नंबरातच कोंबलेली असते. भाजणी उद्या दुसऱ्याच्या सुपरमार्केटात ठेवायची असेल तर रीतसर जीएस१ कडूनच नंबर घ्या.

रेघा उभ्याच का, ह्याची पण गंमत आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल कॉलेजमधले नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर १९४८ पासून बारकोडच्या मागे लागले होते, वुडलँडने मायामीच्या वाळूत बोटं ओढली, तारेच्या मोर्स कोडमधले टिंब आणि डॅश लांबवले की रेघा होतात हे त्याला तिथे सुचलं. १९५२ ला पेटंट मिळालं पण त्यातलं मुख्य चित्र गोल होतं, नेमबाजीच्या निशाण्यासारखं. वाचायला स्वस्त लेझर आणि कॉम्प्युटर तेव्हा होतेच कुठे! आणि गोल चित्र छापताना शाई फरकटली की वाचता येईना. उभ्या रेघेत शाई रेघेच्या दिशेने पसरली तर रेघ फक्त लांब होते, बिघडत काही नाही. आयबीएमच्या जॉर्ज लॉररची ती रचना १९७३ मध्ये ठरली, आणि २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी ६७ सेंटचं च्युइंगगमचं पाकीट दुकानात ह्या बारकोडने पहिल्यांदा स्कॅन झालं.

लेबलांचं म्हणाल तर रेघा काळ्या, कागद पांढरा. हौस म्हणून लाल रेघा छापू नका, स्कॅनरचा उजेड बहुधा लालच असतो, त्याला लाल रेघ पांढरीच दिसते. दोन्ही बाजूंची कोरी जागा कापू नका, रेघा कुठून सुरू होतात हे मशीनला त्यावरूनच कळतं. बिलाच्या कागदासारखं साधं थर्मल लेबल उन्हात उडतं, मामाच्या काचेतली मे महिन्यात पार कोरी झाली, टिकायला हवं असेल तर रिबनवालं प्रिंट घ्या, म्हणजे ज्यात रिबनवरची शाई लेबलवर उतरते ते. आणि अत्तराच्या बारक्या बाटलीवर लेबल आडवं फिरवून चिकटवा, बाटली उभी धरल्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर कडेच्या रेघा गोलाईमागे जातात आणि गिऱ्हाईक ताटकळत असताना मामा बाटली गोल गोल फिरवत बसतो.