२ चा घात वजा १: एवढी मोठी संख्या मूळ आहे का ते कसं तपासायचं

संख्या मूळ आहे का बघायचं म्हटलं की आपण २, ३, ५, ७ ने भाग देत सुटतो, पण ४० अंकांची संख्या आली की हा नाद सोडायचा, कॉम्प्युटरसुद्धा दमतो. २^७ − १ (२ चा सातवा घात वजा १, म्हणजे १२७) अशा साच्यातल्या संख्यांना मात्र, म्हणजे मर्सेन संख्यांना, एक भारी शॉर्टकट आहे.

आधी घातांक बघा. तो स्वतःच मूळ नसेल तर विषय संपला, आणि मूळ असला तरी गॅरंटी नाही हां, २^११ − १ म्हणजे २०४७ आणि ते निघतं २३ × ८९. यात एक गंमत आहे, घातांकाच्या दुपटीने म्हणजे २२ ने भागलं तर २३ आणि ८९ दोघांचीही बाकी १ उरते. विषम मूळ घातांकाला हे कायम लागू, त्यामुळे बाकीचे भाजक ट्राय करण्यात वेळ घालवू नका.

छोटा भाजक नाही सापडला तर लुकास-लेमर टेस्ट. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची, आणि हे घातांकापेक्षा २ कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही (घातांक २ असेल तर ही चालत नाही, पण ३ मूळ आहे हे सांगायला टेस्ट कशाला).

१२७ वर करून बघू, घातांक ७ म्हणून ५ फेऱ्या: १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११, मग ०. भागाकारसुद्धा करायचा नाही, ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, त्यात १२८ (म्हणजे २^७, १२७ पेक्षा एक जास्त) बसतात ३५ वेळा आणि उरतात ७, तर ३५ + ७ = ४२, झाली बाकी. शेवटच्या फेरीत असं केलं की ९६ + ३१ = १२७ येतं, मी पहिल्यांदा इथेच फसलो, शून्य नाही म्हणून कागद फाडला, अहो १२७ ला १२७ ने भागलं की शून्यच!

टेस्ट "मूळ नाही" म्हणाली तरी भाजक काही हाती लागत नाहीत. २^६७ − १ मूळ नाही हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये दाखवलं, अवयव मात्र अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले, त्यातला छोटा १९३७०७७२१.

अंक किती ते मोजायला घातांक गुणिले ०.३०१०३, पूर्णांक घ्या, १ मिळवा. घातांक १२७ असेल तर ३९ येतात. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ मध्ये ४,१०,२४,३२० अंक आहेत, पण एवढ्या मोठ्या घातांकाला ०.३०१०३ पुरत नाही, दशांशाची आणखी घरं घ्या. पायथॉनमध्ये हे सगळं पाच-सहा ओळींत होतं, फक्त संख्या प्रिंट करायला जाऊ नका, नव्या व्हर्जनमध्ये ४३०० अंकांच्या वर थेट एरर येते.