आधी कापडाची उलटी बाजू

परक्या गावात कापडाचं दुकान दिसलं की माझा हात आधी उलट्या बाजूकडे जातो. दुकानदाराला वाटतं, बाई खोट काढायला आल्या. आलेलीच असते म्हणा!

इकत म्हणून गळ्यात मारलेली छापील कापडं मी बरीच पाहिलीत. खऱ्या इकतचं सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेलं असतं, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच दिसते आणि तिच्या कडा किंचित फिसकटलेल्या असतात. पाटणचा पटोला किंवा बालीचं गेरिंगसिंग यांत तर उभे-आडवे दोन्ही धागे असे रंगवतात. छापील नकलेची उलटी बाजू बहुतेक वेळा फिकी पडते. हातछपाई म्हणून विकत असतील तर दोन ठशांचा सांधा शोधा. तो कुठे ना कुठे जरासा हललेला असतोच.

रेशमाची शंका आली तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं; पण लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोसही तसंच जळतं, तेव्हा तिथे ही परीक्षा कामाची नाही.

गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासा. मी एकदा हे टाळलं आणि पावसात निळीच्या ओढणीने पांढऱ्या कुर्त्याचा खांदा निळा केला. फसवणूक नव्हती ती. नीळ धाग्याच्या वरवरच बसते, अस्सल असली तरी घासली की थोडी उतरते.

मीटर सांगण्याआधी पन्हा मोजा. पर्समध्ये टेप असू द्या. किमोनोच्या पारंपरिक कापडाचा पन्हा जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर असतो. नेहमीच्या हिशोबाने घेतलंत तर बाहीला कापड उरणार नाही.

लोकर वजनावर घेऊ नका, लांबी बघा. १०० ग्रॅमच्या लडीत २०० मीटर धागा असतो, तसा ४०० मीटरही असतो. सगळ्या लड्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या हव्यात, वर एक जास्तीची. माझ्या एका स्वेटरची डावी बाही आजही वेगळी ओळखू येते.

हस्तिदंत, कासवाची पाठ, शाहतूश यांना हातही लावू नका. शाहतूश म्हणजे चिरू हरणाची लोकर, आणि तिच्यासाठी ही हरणं मारली जातात, आणि अशा वस्तूंच्या व्यापारावर १९७५पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. विमानतळावर माल तर जातोच, वर खटलाही होऊ शकतो.

घासाघीस मी करते, पण विणायला किती दिवस लागले ते आधी विचारते. उत्तर ऐकून पुष्कळदा तोंड बंद होतं.

घरी आल्यावर लोकरीच्या वस्तू पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवते, म्हणजे कसरीची अंडी असली तरी मरतात. पिशवीवर चिठ्ठी मात्र चिकटवा, नाहीतर घरातलं कुणीतरी उघडून बघतंच.